साखर निघाल्यावरचे पहिले तीन महिने: कोकणातल्या घरात कशाच्या आधी काय करायचं

आमच्या वाडीत कुणाच्या रिपोर्टात साखर निघाली की दुसऱ्या दिवशी त्या घरातला भात बंद होतो आणि नाचणी दळून येते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी जांभळाच्या बियांची पावडर आणून देतं. महिनाभरात माणूस कंटाळतो, पुन्हा पहिल्यासारखा जेवायला लागतो आणि वर म्हणतो, "माका काय्येक लागू पडणा नाय." मला साखर निघून अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मीही हेच केलं, ह्याच क्रमाने. लोक पदार्थ फारसे चुकवत नाहीत, क्रम चुकवतात. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्या क्रमानेच घ्या.

मी डॉक्टर नाही. गोळ्यांबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांना काय विचारायचं, एवढ्यापुरतं.

थांबा: हा लेख टाइप २ मधुमेह नव्याने निघालेल्या प्रौढांसाठी आहे. गरोदरपणात साखर निघाली असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा इन्सुलिन चालू झालं असेल, तर आहार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. काही दिवसांत वजन झपाट्याने उतरलंय, तहान भागत नाही, उलट्या होताहेत, श्वास जोरात चाललाय, असं असेल तर वाचत बसू नका. आजच दवाखाना गाठा.

## तयारी

एक वही. स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. ग्लुकोमीटर (घरी साखर मोजायचं मशीन) आणि त्याच्या पट्ट्या. आणि एक वाटी, पाणी मोजून साधारण १५० मिलीलीटरची. तिच्यावर खूण करा आणि पुढचे तीन महिने भात त्याच वाटीने घ्या. आमच्याकडे भात डावाने वाढतात आणि वाढणाऱ्याच्या मायेप्रमाणे डाव भरतो, त्यामुळे "दोन डाव" ह्या मापाला काही अर्थ नाही.

## पायरी १: रिपोर्टातले आकडे समजून घ्या

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, ह्यांतलं काही आलं तर मधुमेह धरतात. त्रास काहीच नसेल तर डॉक्टर सहसा तपासणी पुन्हा करून खात्री करून घेतात. उपाशी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही काठावरची अवस्था. तिथे गोळी लागेलच असं नाही, पण जेवणाच्या पायऱ्या त्यांनाही लागू.

एचबीए१सी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगतं. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर अंदाजे १५४. तपासणीच्या आदल्या दिवशी जेवण सोडून हा आकडा खाली येत नाही, तेव्हा तो खटाटोप करू नका. रक्त कमी असेल, ॲनिमिया असेल, तर मात्र हा आकडा फसवू शकतो. हिमोग्लोबिन कमी निघालं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

नेहमीची चूक: "उपाशी" म्हणजे फक्त जेवण नाही, चहा चालतो, असा समज. चहाही चालत नाही. किमान आठ तास पाण्याशिवाय काही नको.

## पायरी २: जेवण बदलण्याआधी गोळीचं नाव लिहून घ्या

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि मग घात होतो. काही गोळ्या जेवण चुकलं तरी साखर खाली ओढत राहतात. तुम्ही उत्साहाने भात निम्म्यावर आणलात आणि गोळी तेवढीच राहिली, तर अकरा वाजता नारळाच्या झाडाखाली घाम फुटून खाली बसायची वेळ येते.

गोळीच्या पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वहीत उतरवा आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. ही जेवणाआधी घ्यायची की नंतर? एक जेवण चुकलं तर काय करायचं? मी भाताचं प्रमाण कमी करणार आहे, गोळी तीच राहील ना?

मेटफॉर्मिन एकटीच चालू असेल तर साखर एकदम घसरण्याचा धोका फार कमी. ती जेवणाबरोबर घेतली की पोटाला कमी त्रास देते. सुरुवातीला पोट बिघडलं तर परस्पर बंद करू नका, डॉक्टर मात्रा किंवा प्रकार बदलून देतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ह्या गोळ्यांवर मात्र उपास, उशिरा जेवण आणि रिकाम्या पोटी अंगमेहनत महागात पडते. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेली गोळी असेल तर उलट्या-जुलाबांत किंवा कडक उपासात ती घ्यायची की नाही, हे आधीच विचारून ठेवा.

सावधान: शेजाऱ्याची गोळी, परस्पर बंद केलेली गोळी आणि बिनलेबलची "मुळापासून बरा करणारी" पावडर, तिन्ही नकोत. अशा काही पावडरींत ॲलोपॅथीचीच गोळी कुटून मिसळल्याचं आढळलेलं आहे. कारल्याची भाजी आवडत असेल तर खा, भाजी म्हणून.

गोळ्यांचा खर्च झेपत नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिशीच्या पुढच्यांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी तिथे होते आणि साध्या गोळ्या मोफत मिळतात.

## पायरी ३: मशीन नीट वापरायला शिका

आंब्याच्या दिवसांत एकदा माझा आकडा ३१० आला. रात्रीची झोप उडाली. सकाळी लक्षात आलं की आदल्या संध्याकाळी आंबे कापून मी हात नुसता पंचाला पुसला होता. रक्ताच्या थेंबाबरोबर बोटावरचा रसही पट्टीवर गेला. हात साबणाने धुऊन घेतलेला आकडा निघाला १४८.

तेव्हा क्रम असा: हात साबण-पाण्याने धुवा, पूर्ण कोरडे करा, बोटाच्या पेराच्या कडेला टोचा (मधोमध जास्त दुखतं), थेंब आपोआप येऊ द्या. पिळून काढू नका.

आपल्याकडे दमट हवा पट्ट्या खराब करते. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच लावा. ओल्या हाताने डबीत बोट घालू नका, पट्ट्या दुसऱ्या डबीत काढू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. पावसाळ्यात आकडे एकाएकी विचित्र यायला लागले तर जेवणावर खापर फोडण्याआधी डबीवरची तारीख बघा.

तपासा: चांगल्या मशीनच्या आकड्यातही सुमारे १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. १५० आणि १६२ ह्यांत फरक शोधत बसू नका.

## पायरी ४: सात दिवस काहीही न बदलता लिहा

हो, काहीही न बदलता. अपवाद एकच: डॉक्टरांनी आकडे फार वर आहेत म्हणून ताबडतोब काही बंद करायला सांगितलं असेल, तर तसं करा.

सकाळच्या पेजेपासून रात्री झोपतानाच्या केळ्यापर्यंत जे तोंडात गेलं ते लिहा. चहात साखर किती चमचे, चहाबरोबर बटर (कडक बिस्किटं) किती, काजू फोडताना तोंडात किती टाकले, सगळं. सात दिवसांनी वही वाचताना बहुतेकांना पहिला धक्का चहाचा बसतो. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर. त्यातच गणपतीनंतरचे उरलेले लाडू, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी आणलेले फरसाणाचे पुडे आणि दुपारचं कोकम सरबत.

म्हणून आठव्या दिवशी पहिली कात्री प्यायच्या गोष्टींना लावा. चहातली साखर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी केली की महिन्याभरात बिनसाखरेचा चहा जमतो. सरबत, अमृत कोकम, बाटलीतली थंड पेयं बंद. कोकमच हवं तर आगळ घ्या, त्यात साखर नसते. पण मीठ भरपूर असतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी बेतानं. आगळाच्या सोलकढीत साखर घालायची सवय असेल तर ती सोडा.

साखरेऐवजी गूळ किंवा मध ही फसवणूक आहे. रक्तात गेल्यावर फरक जवळजवळ नाही.

## पायरी ५: भाताचं माप

आता भाताकडे वळायचं. एवढा वेळ थांबवण्याचं कारण शेजारच्या काकी.

काकी माझ्याकडे वही घेऊन आल्या. "भात पुरो बंद केलंय. नुसती नाचण्याची भाकरी खातंय. तरी साखर दोनशेचाळीस कित्या?" मी म्हटलं, "काकी, उद्या भाकरी थापताना मला बोलवा." दुसऱ्या दिवशी त्यांच्या चुलीपाशी काटा नेऊन ठेवला. त्यांनी नेहमीसारखं मूठ-मूठ पीठ घेतलं. एका भाकरीचं पीठ ९० ग्रॅम. भाकरी चांगली ताटाएवढी, खरपूस, आणि काकी एका वेळी दोन खात होत्या. म्हणजे १८० ग्रॅम पीठ.

हिशेब असा. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं (पोटात गेल्यावर ज्याची साखर होते तो भाग) ६७ ते ७२ ग्रॅम, तांदळात सुमारे ७८. फरक आहे, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. नाचणीचा खरा फायदा तंतूंचा आणि कॅल्शियमचा: तंतू पांढऱ्या तांदळाच्या तिपटीहून जास्त. तरीही काकींच्या दोन भाकऱ्यांत सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं झाली. आपल्या १५० मिलीलीटरच्या वाटीत सपाट भरलेला भात साधारण ११० ग्रॅम बसतो, त्यात कर्बोदकं सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे भात सोडून काकी एका बैठकीला चार वाट्या भाताएवढं खात होत्या. आधी त्या अडीच वाट्या खायच्या!

तेव्हा करायचं ते असं:

१. सुरुवातीला एका जेवणात एकच मुख्य पदार्थ ठेवा: भात किंवा भाकरी. दोन्ही एकदम नको.

२. मध्यम बांध्याच्या, फार कष्टाचं काम नसलेल्या माणसाने दीड सपाट वाटी भात किंवा ५० ते ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी इथून सुरुवात करावी. शेतात नांगर धरणाऱ्याला किंवा होडीवर जाणाऱ्याला हे पुरणार नाही. त्यांनी प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

३. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा साखर मोजा. दोन तास जेवण संपल्यापासून धरायचे नाहीत.

४. दोन आकड्यांतला फरक लिहा. माझा स्वतःचा ठोकताळा: फरक पन्नासच्या आत राहिला तर ते ताट मला चालतं. शंभरच्या जवळ गेला तर पुढच्या वेळी भात पाव वाटीने कमी. हे रोज करायची गरज नाही, पट्ट्या महाग आहेत. आठवड्यातून तीन जोड्या, दर वेळी वेगळ्या जेवणाच्या, पुरतात.

बहुतेक प्रौढांसाठी उपाशी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य धरतात. वय जास्त किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर ते बदलतात. तुमचं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

उकड्या तांदळाबद्दल हमखास विचारतात. पॉलिश केलेल्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा उकडा सहसा साखर सावकाश चढवतो, तेव्हा घरात उकडा असेल तर तोच ठेवा. पण माप तेच. भात वेळून पाणी काढून टाकलं की साखर निघून जाते, हे खरं नाही. थोडं पिष्ट जातं, ताटातला भात भातच राहतो.

पेजेचं माप शिजवण्याआधी घ्या. माणशी ३० ते ४० ग्रॅम तांदूळ, म्हणजे छोटी मूठ. पातळ पेज दिसायला वाडगाभर, पण तांदूळ तेवढाच. आटवलीत (घट्ट, मऊ भातात) मात्र नकळत दुप्पट तांदूळ जातो. आणि पेज नुसत्या लोणच्याशी भुरकण्याऐवजी बरोबर उसळ किंवा अंडं ठेवा. घावणे, आंबोळ्या, शिरवळ्या, कोंबडी-वड्यातले वडे हे सगळं भाताच्याच खात्यात मांडायचं.

तपासा: दोन आठवड्यांनी तुमच्या वहीत निदान पाच जोड्या असाव्यात. नसतील तर पुढे जाऊ नका.

## पायरी ६: ताटातली उरलेली जागा

भात कमी झाला की भूक लागते. ती भरून काढली नाही तर चार वाजता हात फरसाणाच्या डब्यात जातो. भात कमी करायच्या दिवशीच भाजी आणि मासे वाढवा.

अर्धं ताट भाजी. बाजारातल्या महागड्या ब्रोकोलीची काही गरज नाही. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, फोडशी, अळू आणि शेवग्याचा पाला. इतर वेळी लाल माठ, पडवळ, दोडकी, तोंडली, केळफूल. बटाटा, कणगी, सुरण ह्यांची भाजी केली तर भात आणखी कमी.

पाव ताट मासे, अंडं किंवा कडधान्य. माशात कर्बोदकं जवळजवळ नसतात. बांगडा आणि तारली पापलेटापेक्षा स्वस्त, आणि त्यांतली चरबीही चांगली. गडबड होते ती तळण्यात: तांदळाच्या पिठात नाहीतर रव्यात घोळवून तेलात सोडलेल्या चार तुकड्या म्हणजे मासा कमी, कवच जास्त. बांगड्याचं तिरफळ घालून तिखलं करा, किंवा नुसता मसाला लावून तव्यावर थोड्या तेलात भाजा. आमटीत ओलं खोबरं साखर वाढवत नाही, पण चरबी आणि उष्मांक भरपूर. वजन उतरवायचं असेल तर रोज अख्खा नारळ नको.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि घराघरांत सुकट, सुके बांगडे निघतात. ते आधी पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन घ्या, मिठाचा बराच भाग जातो. ह्याच दिवसांत काळ्या वाटाण्यांची उसळ आणि कुळथाची पिठी कामाला येते. पिठी पातळ असते म्हणून ती भातावर ओतून ओतून भात वाढत जातो. ही माझीच सवय, म्हणून सांगतो: पिठी वाटीत घ्या आणि प्या.

खाण्याचा क्रमही बदला. आधी भाजी आणि मासा, भात शेवटी. तेच ताट, पण साखर कमी चढते. वहीत जोडी लावून स्वतःच बघा. जेवणानंतर लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या तरी आकडा उतरलेला दिसतो.

## पायरी ७: आंबा, फणस, मोदक

पहिला महिना सांभाळून, आकडे ताळ्यावर आल्यावर मगच इकडे या.

२५० ग्रॅमच्या हापूसमध्ये गर सुमारे दीडशे ग्रॅम आणि कर्बोदकं वीस ग्रॅमच्या पुढे. अर्धा आंबा कापून, जेवणाला जोडून न घेता मधल्या वेळेला खा आणि त्या दिवशी जोडी मोजा. आमरस नको: वाटीभर रसात अख्खा आंबा सहज जातो. आंबापोळी म्हणजे आटवलेला रसच. पिकलेल्या फणसाचे गरे मोजून तीन-चार. कच्च्या कोवळ्या फणसाची भाजी मात्र बिनधास्त. आठळ्या पिष्टाच्या, त्या भाताच्या खात्यात.

उकडीच्या मोदकाचा हिशेब आमच्या घरी काढला. एका मोदकाला २० ग्रॅम तांदळाचं पीठ आणि १५ ग्रॅम गूळ, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं. एक मोदक बरोबर एक वाटी भात. चतुर्थीला मी एक खातो, तुपासकट, आणि त्या जेवणात भात घेत नाही. दुसरा मोदक वाढायला आलेल्या वहिनींना हे समजावणं मोजण्यापेक्षा अवघड असतं.

## पायरी ८: उपास, आणि साखर घसरली तर

संकष्टी, श्रावणी सोमवार, एकादशी. उपासाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा, उपासाच्या दिवशी नको. साबुदाणा जवळजवळ नुसतं पिष्ट. वरीचे तांदूळ अर्धी-पाऊण वाटी, बरोबर दाण्याची आमटी आणि ताक, हे त्यातल्या त्यात बरं.

हात थरथरणं, दरदरून घाम, धडधड, एकदम भूक, बोलण्यात गडबड: लगेच मोजा. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मशीन जवळ नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा, अजून खाली असेल तर तेवढंच पुन्हा. मग काहीतरी खा. पेढा, चॉकलेट ह्या वेळी उपयोगाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते.

सावधान: माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. गाडी बोलवा.

## पायरी ९: पाय आणि डोळे

टाइप २ मध्ये निदान झाल्यावर लगेचच डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (दोन्ही मूत्रपिंडासाठी), कोलेस्टेरॉल आणि पायांची तपासणी करून घ्यायची, मग दर वर्षी. दिसायला छान दिसतंय म्हणून डोळे टाळू नका.

लावणीला चिखलात अनवाणी उतरू नका, गमबूट घाला. खडकावर कालवं काढायला जातानाही पायात काहीतरी हवं. रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवे आरशात बघा. जखम दुखत नाही म्हणून ती लहान, असं समजू नका. मधुमेहात बधिरपणामुळे न दुखणारी जखमच जास्त वाईट. लावणीच्या दिवसांत ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा आजार) शंका धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

## पायरी १०: तीन महिन्यांनी

एचबीए१सी पुन्हा करा, त्याआधी करून पैसे घालवू नका. वहीतल्या जोड्या डॉक्टरांना दाखवा. गोळी वाढवायची की कमी करायची, हे ठरवायला त्यांना त्याचा उपयोग होतो.

उपाशीपोटीचीही तपासणी असेल आणि तालुक्याला जायला पहाटेची एसटी पकडायची असेल, तर आदल्या रात्रीच विचारून घ्या की सकाळची गोळी कधी घ्यायची. सहसा ती रक्त देऊन, खाताना घ्यायची असते. डब्यात भाकरी-भाजी, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा आणि लॅबमध्ये नंबर लवकर लावा. स्टँडवर चहाची कितीही वाफ आली तरी रक्त देईपर्यंत फक्त पाणी.